पोरीचा तारा, दादांचा फ्लेक्स

—न्हाई न्हाई, राधेश्यामभाऊ, दादांचा फोटो याच्याहून मोठा केला तर माझी पोरगी फ्लेक्सच्या बाहेर जाऊन पडंल. बगा तुम्हीच. वरच्या पट्टीत तुमचे सगळे वरचे नेते गोल-गोल, डाव्या अंगाला हात जोडलेले सर्जेराव दादा, खाली शुभेच्छुकांची रांग — आन् सत्कार कुणाचा? शिवकन्याचा. आमच्या शिवकन्याचा! ती कुठंय? ही बगा, दादांच्या कोपराखाली. बसा हो, बसा, स्टूल पुसलंय, चहा सांगितलाय. आज मीच मशीनवर बसलो म्हून टाईम लागून राह्यला, न्हाई तर हे काम पोरीचं. परतुरात स्टेशनपासून मोंढ्यापर्यंत 'बिभीषण डिजिटल'चे जितके फ्लेक्स लटकून राह्यले ना, ते समदे तिच्या हातचे. वाढदिवस तिचे, बारसे तिचे, दहाव्याचे तिचे, तुमच्या दादांचं 'भावी आमदार' बी तिचंच — तीन इलेक्शनपासून तीच फाईल चालवून राह्यलो आम्ही, नुसतं वर्ष बदलतो. पण सोताच्या सत्काराचा फ्लेक्स सोताच करायचा हे काय बरं दिसतं का? म्हून तिला म्हणलं, आज घरी राह्य, आईसंग उद्याच्या साडीचं बघ. आन् भाऊ, कार्यक्रम उद्याच बरं का. परवा-बिरवा ढकलायचा न्हाई. एकदा दादांनी माईकवर तिची नोकरी जाहीर केली की पोरगी परतुरातच राहती — म्हंजे, आनंदानं राहती, असं म्हणायचं होतं मला.

हां, मजकूर सांगा. 'मा. सर्जेराव दादा यांच्या मार्गदर्शनाखाली आकाशातील नवीन तारा शोधल्याबद्दल' — मार्गदर्शन? कधी झालं हो ते? न्हाई, माझी हरकत न्हाई, मी टाईप करूनच राह्यलो, फक्त विचारलं. त्यापेक्षा 'प्रेरणेने' टाकू का? प्रेरणेचं कसं असतं, ती माणसाला न कळता बी होती. मार्गदर्शन म्हणलं की एखादा खडूस विचारणारच, कुठं केलं, कोणत्या तारखेला केलं. प्रेरणेला कोणी तारीख विचारत न्हाई. — बरं, दोन्ही टाकतो. दादांच्या नावाला जागा कमी पडली तर पोरीचं आडनाव काढतो. नुसतं शिवकन्या ठेवतो, समद्यांना ठाऊकच हाय.

आता ताऱ्याचं बगा. हा पाच टोकांचा, सोनेरी, किरणं फुटून राह्यलेला — दिवाळीच्या फाईलमधून घेतलाय. खरा? खरा छापता येत न्हाई भाऊ. दावतो ना, थांबा, पोरीनं इथंच कुठंतरी ठेवलाय — हे पाहा. दिसला? तो न्हाई, तो कुणी दुसराच. त्याच्या खाली, तपकिरी ठिपका. मी पहिल्यांदी पाह्यला तव्हा फडकं घेऊन स्क्रीन पुसायला लागल्तो, म्हणलं माशी बसून गेली. पोरगी वरडली, पप्पा, पुसू नका, तो तारा हाय! आता हा ठिपका फ्लेक्सवर छापला तर लोक काय म्हणतील? बिभीषणच्या मशीनची शाई उडाली. त्यापेक्षा दिवाळीचा बरा. दादांच्या डोक्यामागं ठेवतो, चक्रासारखा फिरल्यागत दिसंल. — आवडलं ना? मला ठाऊकच होतं.

कसा शोधला म्हंजे? दुर्बीण-बिर्बीण काही न्हाई हो. ह्याच खुर्चीवर बसून शोधला, ह्याच माऊसनं, दुपारी गिऱ्हाईक नसायचं तव्हा. सायंटिस्ट लोकांची एक वेबसाईट हाय. वर उपग्रह फिरून राह्यला, त्यानं समद्या आकाशाचे फोटो काढले, आन् काही वर्षांनी त्याच जागेचे पुन्हा काढले. आता ते फोटो एकामागं एक दाखवतात — जुना, नवा, जुना, नवा — आन् आपण नुसतं पाहात बसायचं. हजारो ठिपके जिथल्या तिथं. एखादाच ठिपका टुणकन् उडी मारतो. त्याच्यावर बटन दाबायचं. कॉम्प्युटरला हे कामून जमत न्हाई म्हणता? जमतं, पण तो लई फसतो म्हणं — कुठं चकाकी, कुठं कचरा, समद्यालाच तारा म्हणून राह्यतो. त्याला माणसाचा डोळा लागतो. आन् आमच्या पोरीचा डोळा कुठं तयार झाला? तुमच्या दादांच्या फ्लेक्सवर! मजाक न्हाई. मागच्या वर्षीचा फ्लेक्स खाली ठेवायचा, नवा त्याच्यावर, आन् बटन दाबून दाबून पाह्यचं, कुणाचं डोकं बोटभर सरकलं का. कामून की सरकलं तर संध्याकाळच्या आत चार माणसं दुकानात — आमच्या साहेबांना खाली कुणी आणलं? तिची नजर अशी बसली की ठिपका हलला की तिला दिसतो. बी.एस्सी. केलंय तिनं, फिजिक्स घेऊन, ते बी कामाला आलं असंल. पण पाया तुमचाच. खरं म्हणलं तर मार्गदर्शन ते हेच.

तारा हलतो कामून — हे मी बी विचारलं. ती म्हणली, पप्पा, समदेच तारे चालून राह्यलेत, पण जो लांब हाय तो हलताना दिसत न्हाई, जो जवळ हाय तोच दिसतो. मला पटंना. मंग तिनंच आमच्या वडलांची आठवण दिली. रखमाजी. आम्ही मूळ भोकरदनकडचे, मेंढरं होती आमची, दुकान-बिकान मागून. तर वडील म्हणायचे, लांबच्या माळावर मेंढरांचं खांडवं चरत असलं की वाटतं मेंढरं थिजलीत, जागची हलंनात. आन् तीच मेंढरं समोरून गेली की डोळा ठरत न्हाई. चाल तीच. बराबर? मंग तारा बी तसाच. जो सरकला तो जवळचा. किती सरकला ते मोजायचं, बाकीचं गणित ते लोक करतात. मला तव्हा कळलं भाऊ, आन् लई बरं वाटलं. मेंढक्याची नात आकाशातली मेंढरं बगून राह्यली म्हणलं.

जवळ म्हंजे किती? हां, हे नका विचारू. तिथून उजेड निघाला की इथं पोचायला साठ वर्षं. आन् ह्याला ते लोक शेजारी म्हणतात! मी म्हणलं, हे जवळ असंल तर आपले दादा लईच जवळ, ते पाच वर्षांत एकदा येतातच. — मजाक केली भाऊ, हसा की. नाव? दादांचं नाव ताऱ्याला — ते मी पोरीला विचारलं, तुम्ही म्हणलात म्हून. न्हाई होत. ताऱ्याला नाव पडलंय अगोदरच. नाव कसलं, अक्षरं आन् आकडे, आपल्या आधार कार्डागत, लांबच्या लांब. आन् तो तिनं एकटीनं बी न्हाई शोधला, ते मी छापून राह्यलो न्हाई, पण तुम्हाला सांगतो. अजून चौघांनी त्याच ठिपक्यावर बटन दाबल्तं. एक रिटायर बस ड्रायव्हर, कुठला तर फिनलंडचा. एक ब्राझीलची दाताची डॉक्टरीण. बाकी दोघं विसरलो. पोरगी म्हणली, पप्पा, फ्लेक्सवर त्यांचे बी फोटो टाका. पाठवले बी त्यांनी हो, हसरे फोटो, हौसेनं! शुभेच्छुकांच्या रांगेत बसवलेही होते मी. पण ते तुमच्या मतदारसंघातले न्हाईत. म्हून काढले.

अजून पटलं न्हाई तुम्हाला? हलणारा ठिपका दिसतो कसा म्हणता? आत्ता दावतो. ही मागच्या साली दादांच्या वाढदिवसाची फाईल. आन् ही औंदाची. दोन्ही एकावर एक ठेवल्या. आता मी बटन दाबून राह्यलो, तुम्ही नुसतं पाहा — मागचं — औंदाचं — मागचं — औंदाचं. काय दिसलं? दादा हलले? बिलकुल न्हाई. वरची पट्टी? जागच्या जागी, ती तर आकाशाहून लांब हाय. पण हे पाहा — इथं दादांच्या खांद्याशी एक डोकं होतं, गॉगलवालं — आन् औंदा ते खाली! टुणकन्! मोबाईल नंबरच्या बाजूला! दिसलं? हेच, हेच ते, ह्यालाच म्हणायचं तारा सापडला! कोण हाय ते? थांबा, मोठं करतो — अरे. — भाऊ. — तुम्हीच की.

आवो, मला खरंच ठाऊक नव्हतं. कुणाला कुठं बसवायचं ते दादांच्या बंगल्यावरून येतं, आम्ही नुसतं चिटकवतो. तुमच्या जागी? तुमच्या जागी अंगद हाय. दादांचा भाचा. — तुम्ही तर वर्षभर फिरून राह्यले तो फ्लेक्स घेऊन, गावोगाव तुम्हीच बांधला, तुम्हाला दिसलं न्हाई? बगा, म्हून डोळा लागतो म्हणतात. आता असं तोंड पाडू नका. चहा येऊनच राह्यलाय. आन् हिशेब तुम्ही उलटा लावून राह्यले. तारेवाल्यांच्या हिशेबानं पाहा ना — लांबचे हलतच न्हाईत. जो हलला तोच जवळचा! दादांच्या सगळ्यात जवळचे तुम्ही! — मी काही चिडवत न्हाई, भाऊ. खरंच सांगून राह्यलो. माझं बी तेच झालंय. आता माझ्या आजूबाजूचं कोण हलून राह्यलं? शेजारचा? न्हाई. भोकरदनचे भाऊबंद? ते मेले तरी हलत न्हाईत. हलली तर पोरगी. पुण्याला.

ठाऊक न्हाई तुम्हाला? बोललो न्हाई का मी? — मंग जाऊ द्या. — न्हाई, आता निघालंच तोंडातून. पुण्याच्या एका संस्थेनं बोलावलंय तिला. असलेच फोटो तपासायचे, असलेच ठिपके मोजायचे, वर शिकायचं बी. राह्यची सोय हाय. उद्या हजर व्हायचं म्हणलेत, उद्या न्हाई आली तर जागा दुसऱ्याला. — व्हय, उद्याच. — व्हय, सत्कार बी उद्याच. — आता कसं सांगू तुम्हाला? दादांना उद्या टाईम हाय म्हून कार्यक्रम उद्या ठेवला असं वाटलं व्हय? तुम्ही तर परवाचं म्हणत होते. परवा हॉल न्हाई, परवा अमावस्या, परवा बाजार — हे कुणी सांगितलं तुम्हाला? मीच. अमावस्या मागच्या हप्त्यातच झाली, भाऊ.

आन् नोकरीचं? दादांच्या शाळेत क्लार्कची जागा रिकामी हाय, दादांनी स्टेजवरून देऊन टाकावी, लई नाव होईल — हे तुम्हाला सुचलं असं तुम्ही दादांना सांगितलं. चांगलं केलं. पण सुचवलं कुणी? ह्याच स्टुलावर, मागच्या हप्त्यात, मीच. रागावू नका. मी काय करू? घरात ती मला न्हाई म्हणू शकती. म्हणलीच. पण स्टेजवर, खांद्यावर शाल, हातात नारळ, माईक चालू, समोर अख्खं परतूर — तिथं दादांनी जाहीर केलं की पोरीला काय म्हणता येतं? कुणालाच काय म्हणता आलंय आजपर्यंत? आपल्याकडं माणसाला बांधायचं असलं की दावं लागत न्हाई, सत्कार करायचा. मला ते तुमच्याकडूनच समजलं, किती जणांचे सत्कार छापले मी. आन् मला काय तिचं वाईट करायचं होतं का? क्लार्कची नोकरी काय वाईट असती? दिवसा शाळा, संध्याकाळी दुकान. मला मशीन येतं कुठं? तुम्हीच पाहून राह्यले, एक 'शिवकन्या' टाईप करायला मला तीन बोटं आन् अर्धा तास लागला.

तिनं विचारल्तं, भाऊ. न विचारता काही केलं न्हाई तिनं. इथंच, फ्लेक्सला कड्या मारता मारता म्हणली, पप्पा, जाऊ मी? आन् मी काय म्हणलो? दुकान कोण पाह्यील. बस, इतकंच. ती म्हणली, बरं. त्या दिवसापासून तिनं एक चूक केली न्हाई. शुद्धलेखन बराबर, रंग बराबर, डोकी बराबर. गिऱ्हाईक खूश. पण घरात आवाज न्हाई तिचा. आन् तो ठिपका हलला तव्हा — मी नुकताच जेवून येऊन राह्यलो — ती दारापर्यंत पळत आल्ती, माझा हात धरून मला स्क्रीनसमोर बसवलं, पप्पा, पाहा, पाहा, हलला! बारा वर्षांची असताना बी इतकी नाचली न्हाई ती. आन् हा बगा, फ्लेक्ससाठी तिचा फोटो शोधून राह्यलो तर हा मागच्या हप्त्यातला — डोळेच न्हाईत फोटोत. डोळे हायेत, पण त्यात कोणी न्हाई. हा छापू मी? हा छापून चौकात लावू? लोक म्हणतील, सत्कार हाय का श्रद्धांजली?

मला पाहावत न्हाई हो. खोटं कामून बोलू. ती गेली तर दुकानात मला करमणार न्हाई, हे खरं कारण हाय. दुकानाचं काय, चालवंल कोणीतरी. मला करमणार न्हाई. आन् तेवढ्यासाठी मी अख्खं परतूर गोळा करून राह्यलो.

थांबा. बोलू नका तुम्ही. फोन लावतो घरी, तिच्या आईला. बॅग भरायला सांगतो तिला, संध्याकाळच्या गाडीनं जाईल. उद्या पोचंल बराबर. — उचल ना — हां, सुरेखा. मी बोलतोय. ऐक, पोरीला म्हणावं बॅग भर. — बॅग. — अगं, पुण्याची! मी नेऊन घालतो तिला स्टेशनवर, तिला सांग पप्पा म्हणले जा म्हून, पप्पांनी सोताहून — काय? — कधी? — दुपारच्या? — तू बसवून दिली? तू? — रिक्षा कुठून नेली मंग, दुकानासमोरूनच? — मला कसं न्हाई दिसलं? — हां. हां, दारात फ्लेक्स वाळत घातला होता दादांचा. — न्हाई. न्हाई, वरडत न्हाई. — डबा दिला का? — बरं. — बरं, ठेव.

गेली. दुपारीच गेली. आपण इथं तिचं आडनाव काढून राह्यलो तव्हा ती स्टेशनवर बसून होती, इथून हाकेवर. मला विचारलं न्हाई. — कामून विचारावं? विचारलं असतं तर मी न्हाईच म्हणलो असतो. आता जा म्हणतो ते कुणी ऐकलं? तुम्ही. तुमच्या काय कामाचं ते? इतक्या वर्षांत पहिल्यांदी मोठं मन केलं, भाऊ, आन् अर्ध्या तासानं चुकलं. सुरेखा म्हणली, रडली न्हाई, पण गाडी हलली तरी खिडकीतून दुकानाकडंच पाहून राह्यल्ती. स्टेशनवरून दुकान दिसत न्हाई. तरी पाहून राह्यल्ती म्हणं.

उद्याचं काय? मला काय विचारता उद्याचं. दादांना सांगा, सत्काराला माणूस न्हाई. — न्हाई, मी येणार न्हाई तिच्या जागी. माझा सत्कार कशाचा, तारा न शोधल्याचा? शाल उरली तर तुम्हीच घ्या अंगावर, तुम्हाला लागंल आता. — तुम्ही कुणाला फोन लावून राह्यले? — कोण जालन्याला? — स्टेशनवर? गाडी जालन्याला पोचायच्या आत तुमची माणसं — कशाला? — उतरवून घ्यायला? समजावून? दादांची इज्जत? —

ठेवा.

ठेवा तो फोन खाली, राधेश्यामभाऊ. मी बारीक माणूस हाय, तुमच्यावर माझं दुकान चालतं, तुम्ही उद्यापासून शेजारच्याकडं जा, जिल्ह्यातले समदे फ्लेक्स त्याला द्या, मी एक शब्द बोलणार न्हाई. पण त्या गाडीला कुणी हात लावायचा न्हाई. तिला कुणी उतरवायचं न्हाई. दादांनी न्हाई, तुम्ही न्हाई, मी बी न्हाई. — मी शांतच बोलून राह्यलो. फोन खिशात. तो दुसरा बी. हां.

चहा आला तुमचा. बाहेर उभं राहून प्या. उठा.